पोशा नाखव्याचा नेम

समुद्राकाठच्या एका गावात पोशा नावाचा एक नाखवा होता. हाडाचा दर्यावर्दी. त्या मुलखाच्या राजाने एकदा दवंडी पिटवली, "जो एकटा होडीतून पृथ्वीला फेरा घालील, त्याचं नाव बंदराच्या दरवाजावर कोरू. मात्र त्याच्या होडीला दुसऱ्याचा पाय लागता कामा नये."

होडीत दुसऱ्याला घ्यायचं नाही, असा पोशाने नेम धरला आणि लहानशा होडीतून निघाला.

फार सोसलं हो त्याने. सुकी मासळी चावायची, पावसाचं पाणी प्यायचं. दोराने तळहात सोलले. बोलायला कोणी नाही, म्हणून तो सुकाणूशीच बोले. पुढे तेही सुटलं.

आठव्या महिन्यात एक फुटलेली होडी दिसली. फळीला धरून एक माणूस डोक्याचं फडकं हलवत होता. आता दर्यावर कोणी फडकं हलवलं, तर जाळं टाकून धावायचं, ही कोळ्यांची रीत. पोशा जवळ गेला. माणसाने हात वर केले. पोशाने दोरीने पाण्याचं मडकं सोडलं आणि सुकाणू फिरवलं.

"मागून कोणीतरी येईल," तो म्हणाला. आठ महिन्यांत त्याला दुसरं शीड दिसलं नव्हतं.

अकराव्या महिन्यात तो परतला. ढोल वाजले, नाव कोरलं गेलं. सगळ्यांसमोर पोशा छाती काढून म्हणाला, "डोळ्यांदेखत माणूस बुडत होता, तरी नेम मोडला नाही!"

राजा म्हणाला, "वाहवा!" कोळीवाडा पाठ फिरवून घरी निघाला.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "मग मागून आलं का हो कोणी?"

"मला काय ठाऊक?"

तिने ताट वाढलं. समोर बसली मात्र नाही.

मासेमारीचे दिवस आले. त्याची मासेमारीची मोठी होडी लोटायला पाच गडी लागत. पोशाने जुन्या खलाशाला हाक मारली, "नागू, उद्या गडी घेऊन ये रे."

नागू म्हणाला, "नाखवा, नाव मोठं झालं तुमचं. पण आमच्यातला कोणी पाण्यात पडला, आणि तेव्हा तुमचा कसला नेम असला, तर?"

कोणी आलं नाही. त्या साली नाही, पुढच्या साली नाही. लोक लांबून रामराम करत आणि आपापल्या होड्यांकडे जात. पोशा वाळूत बसून राही. दर्यावरचे अकरा महिने त्याने सोसले होते. हे त्याला सोसवेना.

तात्पर्य: ज्या नेमापायी बुडता माणूस सोडावा लागतो, तो नेम मोडावा. नेम पुन्हा धरता येतो, गेलेला माणूस पुन्हा येत नाही.