गुबी बेडकीचं डबकं

माळावर एक डबकं होतं. होतं म्हणजे, काल होतं. आज नव्हतं.

डबक्यात गुबी राहायची. गुबी म्हणजे इवलीशी बेडकी. सकाळी उठली नि तिने उडी मारली. डुबुक नाही वाजलं. धप्प वाजलं! पाणीच नव्हतं. नुसत्या भेगा.

"अगंबाई! बेडकीला ओलं राहायला हवं. सुकले तर मी जगू कशी?"

गुबी निघाली. टुप टुप, टुप टुप. ओढ्याकडे आली.

"ओढेदादा, ओढेदादा, वाहा ना!
डबकं माझं भरेना!"

ओढ्यात नुसते दगड. ओढा म्हणाला, "कसा वाहू गं? माती पाणी धरत नाही. मातीने धरलं, तर मी वाहीन."

टुप टुप, टुप टुप. गुबी मातीकडे आली.

"मातीमाय, मातीमाय, पाणी धर ना!
ओढा काही वाहेना,
डबकं माझं भरेना!"

माती म्हणाली, "कशी धरू बाळा? वारा मला उडवून नेतो. वारा थांबला, तर मी धरीन."

टुप टुप, टुप टुप. गुबी वाऱ्याकडे आली.

"वारोबा, वारोबा, थांबा ना!
माती पाणी धरेना,
ओढा काही वाहेना,
डबकं माझं भरेना!"

"सूंऽऽ सूंऽऽ! कसा थांबू? मला अडवायला गवत कुठंय? गवताने अडवलं, तर मी थांबीन."

मग वारा हळूच म्हणाला, "मी जगभर फिरतो, गुबी. काही वाळवंटं फार जुनी. तिथे पाऊस पोचतच नाही. पण काही ठिकाणी असाच हिरवा माळ होता. आधी गवत गेलं. मग माती उडाली. मग पाणी गेलं. उरली नुसती वाळू. मला नाही करमत तिथे."

गुबी घाबरली. टुप टुप, टुप टुप. दगडाआड गवताची एकच काडी होती.

"गवतभाऊ, गवतभाऊ, वारा अडव ना!
वारा काही थांबेना,
माती पाणी धरेना,
ओढा काही वाहेना,
डबकं माझं भरेना!"

गवत म्हणालं, "एकटा कसा अडवू? बी पडायच्या आधीच मेंढी मला खाते. मेंढीने सोडलं, तर मी अडवीन."

टुप... टुप... गुबी दमली होती. मेंढीकडे आली.

"मेंढीताई, मेंढीताई, गवत सोड ना!
गवत वारा अडवेना,
वारा काही थांबेना,
माती पाणी धरेना,
ओढा काही वाहेना,
डबकं माझं भरेना!"

"बेंऽ बेंऽ! कसं सोडू? बिरूमामा मला इथेच आणतो. त्याने दूर नेलं, तर मी सोडीन."

टुप... टुप... मेंढ्या राखणारा बिरूमामा घोंगडं पांघरून बसला होता. गुबी त्याच्या पायाशी आली.

"बिरूमामा, बिरूमामा, मेंढी दूर ने ना!
मेंढी गवत सोडेना,
गवत वारा अडवेना,
वारा काही थांबेना,
माती पाणी धरेना,
ओढा काही वाहेना,
डबकं माझं भरेना!"

बिरूमामा हसला. "माझ्या चार मेंढरांनी काय हुतंय गं?"

मग त्याने माळाकडे पाहिलं. माळ उघडा पडला होता. बिरूमामाचं हसू गेलं.

"गावाचा नेम हुता, गुबे. बी खाली पडल्याबिगर माळावर मेंढरं घालायची न्हाईत. म्या म्हनलं, माझ्या चारांनी काय हुतंय? समद्यांनी तसंच म्हनलं. चुकलं गं बाय."

त्याने बाटलीतलं पाणी गुबीवर ओतलं. ओली गुबी मातीत शिरली, झोपली.

बिरूमामाने मेंढी दूर नेली. गावातल्या सगळ्यांनीच नेल्या.
मेंढीने गवत सोडलं.
गवताने वारा अडवला.
वारा थांबला.
पाऊस आला, तेव्हा मातीने पाणी धरलं.
ओढा वाहिला.
डबकं भरलं!

एका दिवसात नाही हं. गवत खायला एक सकाळ पुरते. उगवायला फार फार दिवस लागतात. गुबी झोपली, उठली, पुन्हा झोपली. आणि अर्ध्या माळाची वाळूच झाली होती. तिकडे गवत आलंच नाही.

गुबीने उडी मारली. डुबुक!

"डराँव!" ती ओरडली. कुणी ओ दिली नाही. बाकीच्या बेडक्या केव्हाच निघून गेल्या होत्या.

"डराँव?"

काठावर बिरूमामा बसला होता. त्याला फार वाईट वाटलं. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि जाड्या आवाजात ओ दिली.

"डराँव!"