रात्रीत सात वेळा उठणारा केरू

डोंगराच्या कुशीत पोपटी बांबूचं एक बन होतं आणि बनाच्या काठाला एक इवलंसं खोपटं. तिथे आठ वर्षांची सोनकी, तिची आई रखमा आणि पाच महिन्यांचा तान्हा केरू राहत. बाबा दूरच्या बंदरावर कामाला गेले होते. ते परत येईपर्यंत रखमा बांबूच्या टोपल्या विणून घर चालवी. टोपल्या कमी झाल्या, की मायलेकी नुसत्या पेजेवर निजत.

केरू मोठा गोड होता. जांभळासारखे तुकतुकीत गाल, कळ्यांसारख्या मिटलेल्या चिमुकल्या मुठी. पण रात्री तो सात वेळा उठे. आईचा डोळा लागतो न लागतो तोच त्याचं भोकाड सुरू होई. आई त्याला पाजी, थोपटी, झोळीला झोका देई आणि झोका थांबला की तो पुन्हा डोळे उघडी.

एका दुपारी विणता विणता रखमाला डुलकी लागली. कोयता निसटला आणि अंगठा कापला. तिने चिंधी बांधली आणि ती पुन्हा विणायला बसली. तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळत होतं. ते अंगठ्यासाठी नव्हतं, हे सोनकीला कळलं.

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे सोनकी एकटीच बांबू आणायला गेली. पानापानावर दवाचे मोती लुकलुकत होते. एक सरळ, लांबलचक बांबू तिला सापडला, पण त्याच्या फांदीला बुलबुलाचं घरटं होतं आणि घरट्यात दोन पिटुकली पिल्लं चोची वासून बसली होती. सोनकीने तो बांबू सोडला आणि काटे तुडवत ती पार आत गेली.

तिथे कोवळ्या पानांतून हिरवी-सोनेरी झुळूक उठली आणि तिच्यासमोर एक परी उभी राहिली. सोनकीएवढीच उंच, दवासारखे झिलमिल पंख आणि गालावर फुलांच्या परागाची पिवळी टिकली.

"पायात काटे मोडले, तरी तू पिल्लांचं घर मोडलं नाहीस," परी म्हणाली. "मी तुला तीन इच्छा देते. पण त्या स्वतःसाठी मागायच्या नाहीत. प्रत्येक इच्छा एकच रात्र टिकेल. आणि मागितलेली इच्छा सूर्य उगवेपर्यंत परत घेता येणार नाही."

सोनकीला विचार करावाच लागला नाही. केरू रात्रभर एकदाही उठू नये, असं तिने मागितलं.

त्या रात्री केरू झोपला तो झोपलाच. मध्यरात्री आई दचकून जागी झाली. एवढी शांतता कशी? तिने त्याच्या नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता. तिने हाका मारल्या, तळव्यांना गुदगुल्या केल्या, पण केरू हलेना. मग आईने त्याला छातीशी धरलं आणि ती भिंतीला टेकून रात्रभर बसून राहिली. सोनकीने रडत रडत सगळं सांगितलं, पण इच्छा परत घेता येत नव्हती. पहिलं ऊन दारात आलं आणि केरूने भुकेने आभाळ डोक्यावर घेतलं. ते रडणं ऐकून आई हसतही होती आणि रडतही.

सोनकी पुन्हा बनात गेली. या वेळी तिने खूप विचार केला आणि ती म्हणाली, "परीताई, तो रडतो तेव्हा काय म्हणतो ते मला समजू दे."

त्या रात्री केरूचं रडणं तिच्या कानात शब्द होऊन आलं. पहिल्यांदा तो म्हणाला, भूक लागली. सोनकीने आईला उठवलं. दुसऱ्यांदा म्हणाला, लंगोट ओला आहे. तो सोनकीनेच बदलला. तिसऱ्यांदा डास चावत होता. पुढे पुन्हा एकदा भूक. आणि बाकीच्या तीनही वेळा केरू एवढंच विचारत होता, "कुणी आहे का?"

सोनकीने त्याच्या पोटावर हात ठेवला. "आहे रे, मी आहे," ती म्हणाली. केरूने सुस्कारा सोडला आणि तो झोपला.

सकाळी जादू संपली, पण कुठलं रडणं कशाचं, हे सोनकीला कळू लागलं होतं. तिने ते आईला समजावून सांगितलं. मग दोघींनी रात्र वाटून घेतली. भुकेचं रडणं आईकडे, बाकीची सोनकीकडे. केरू अजूनही सात वेळा उठे, पण आई दोनदाच उठे. अंगठा भरत आला, टोपल्या वाढू लागल्या. सोनकीच्या डोळ्यांखाली मात्र काळी वर्तुळं आली.

एक इच्छा उरली होती. सोनकी बनात जाऊन परीला म्हणाली, "एक रात्र तू आमच्याकडे ये आणि केरूला सांभाळ. आईला सकाळपर्यंत झोपू दे."

परी गोंधळली. असं तिला कधी कुणी मागितलं नव्हतं. पण ती आली.

पहाटे सोनकीला जाग आली तेव्हा आई गाढ झोपली होती आणि परी झोळीशी बसली होती. केस विस्कटलेले, एक पंख लोंबलेला, गालावरची टिकली पुसलेली.

"सातही वेळा उठला," परी कुजबुजली. "भूक लागली की मी त्याला आईच्या कुशीत ठेवत होते. आता त्याने माझं बोट धरलंय. सूर्य उगवताच मला जायला हवं, पण सोडवून घ्यावंसं वाटेना."

"मी आहे त्याच्याजवळ," सोनकी म्हणाली आणि तिने आपलं बोट पुढे केलं.

परी हसली. तिने सोनकीच्या कपाळावर ओठ टेकले. सूर्याचा पहिला किरण खोपटात शिरला, तसे तिचे पंख उजळले, केस उजळले आणि ती सगळीच्या सगळी उजेड होऊन गेली. केरूच्या मुठीत क्षणभर एक सोनेरी ठिणगी चमकली. अंगणात तासून ठेवलेल्या बांबूच्या कामट्यांचा ढीग होता, रेशमासारख्या मऊ आणि सोन्यासारख्या पिवळ्या. महिनाभर विणल्या तरी संपल्या नसत्या.

ऊन चांगलं वर आल्यावर रखमा उठली. तिने अंगणातला ढीग पाहिला आणि सोनकीकडून सगळं ऐकून घेतलं. पण ती कामट्यांकडे गेली नाही. तिने केरूला काखेत घेतलं, सोनकीचं डोकं आपल्या मांडीवर ठेवलं आणि तिच्या केसांतून हात फिरवू लागली.

"आता तू झोप, माझे बाय," आई म्हणाली. "मी जागी आहे."