एकही मत पडलं नाही
पॅलेस्टाईनमधल्या एका निर्वासित छावणीत समितीची निवडणूक सोळा वर्षं झाली नव्हती. तिथल्या दोन गटांचे पुढारी एरवी एकमेकांचं तोंडही पाहत नसत, पण निवडणूक पुढे ढकलायची म्हटलं की त्यांचं लगेच एकमत होई. निवडणूक मागितली म्हणून निवृत्त शिक्षिका रुदैनाबाईंचा मुलगा आठवडाभरापासून कोठडीत होता.

भरसभेत समितीचे अध्यक्ष अबू रामिझ गरजले, "सोळा वर्षांत माझ्याविरुद्ध एकही मत पडलेलं नाही!"

रुदैनाबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "खरं आहे, अबू रामिझ. तुमच्या बाजूनंही एकही पडलेलं नाही."

आधी कुणीतरी एकटंच हसलं, मग दोन्ही गटांची माणसं हसली. अबू रामिझ खाली बसले. दुसऱ्या दिवशी मुलगा घरी आला. निवडणुकीची तारीख मात्र अजून यायची आहे.