तीन भोकं, एक चीर

बोला, छातीवर सुरी चालवून घ्यायची वेळ आली, तर विश्वास कुणावर ठेवाल? वीतभर छाती उघडून डोळ्यांनी आत बघणाऱ्यावर, की तीन बारीक भोकं पाडून दुर्बिणीतून बघणाऱ्यावर?

सांगलीच्या हळदबाजारात सौदे पुकारणाऱ्या आदगोंडा चौगुलेंपुढं हा प्रश्न येऊन बसला होता. डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात गाठ. तेवढा भाग काढायचा. गाठीची भीती त्यांनी कधीच गिळली होती. घोर वेगळाच होता.

"डॉक्टर, काढा की. मी कुठं नको म्हणतोय? पण नंतर छातीत कफ तुंबला, न्यूमोनिया झाला, तर? आमचं पोट या फुप्फुसावर. माझी हाक शेवटच्या पोत्यापर्यंत पोचायला लागतीय."

डॉक्टर हृषीकेश मगदूम खाटेच्या कडेला टेकला. वय कोवळं, हात सोन्याचा. हात सोन्याचा आहे हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"अण्णा, ते छाती उघडली की होतं. बरगड्या फाकवल्या की दुखतं. दुखतं म्हणून माणूस खोकत नाही. खोकत नाही म्हणून कफ साचतो. दुर्बिणीत ही भानगडच नाही. माझ्या दुर्बिणीच्या एकाही पेशंटला न्यूमोनिया झालेला नाही."

"एकालाबी न्हाई?"

"एकालाही नाही."

श्वास ओढून चेंडू वर चढवायचं प्लॅस्टिकचं यंत्र अण्णांच्या हातात होतं. ते त्यांनी खाली ठेवलं आणि बायकोकडं बघितलं. सुमतीबाई उठल्या आणि उशाचा टॉवेल पिशवीत भरायला लागल्या.

"अहो, काय झालं?"

"काय न्हाई. माल इतका चोख सांगितला की माझा हात आपोआप मागं येतोय. सवय वाईट, दुसरं काय! गलगलीसरांना एकदा विचारू द्या. त्यांच्या तोंडून ऐकल्याबिगर मी काय टेबलावर झोपत न्हाई."

हृषीकेशचे कान तापले. पण हसून म्हणाला, "विचारा की."

डॉक्टर वामन गलगली म्हणजे त्याचे गुरू. जन्मभर छात्या उघडण्यात गेला. हात पहिल्यांदा थरथरला, त्या दिवशी सुरी ठेवली ती ठेवलीच. वॉर्डातली सकाळची फेरी मात्र सोडली नाही. बोलायचे इतके कमी, की त्यांनी दोन वाक्यं लागोपाठ टाकली तर नर्सा एकमेकींकडं बघायच्या.

सर खोलीत बशीतून चहा पीत होते.

"सर, आदगोंडाअण्णा तुमच्याशी बोलायचं म्हणतात. बहुतेक त्यांना जुनीच पद्धत हवी आहे." 'जुनीच' या शब्दावर जरा जोर पडला. त्यानं तो पडू दिला.

"तुझं मत?"

"दुर्बीण."

"माझंही."

हृषीकेश चमकला. वाद घालायच्या तयारीनं आला होता, आणि समोरचं दार उघडंच निघालं.

"सर, तुम्ही... दुर्बीण म्हणता?"

"मी केलेला माणूस रात्रभर कण्हायचा. तू केलेला दुसऱ्या दिवशी हिंडतो. यात मत कसलं द्यायचं?"

"मग चला ना, एवढंच त्यांना सांगा. माझ्या आकड्यावर त्यांचा विश्वास बसेना."

"काय आकडा?"

"दुर्बिणीत न्यूमोनिया शून्य."

पुढच्या आठवड्यात पुण्याच्या परिषदेत हेच शून्य तो पडद्यावर दाखवणार होता. मोठ्या अक्षरात.

सरांची बशी ओठांपाशी थांबली...

मग त्यांनी चहा संपवला, बशी पालथी घातली आणि उठले.

"चल. आधी फेरी."

वॉर्डाच्या टोकाच्या खाटेवर दस्तगीर मुल्ला होते. धंद्यानं गवंडी. सगळे त्यांना चाचा म्हणत. नाकाला प्राणवायूची नळी, छातीतून निघालेली दुसरी नळी खालच्या बाटलीत. ताप उतरत नव्हता. श्वास असा चालला होता, जणू कुणी ओली वाळू चाळतंय.

"हे?" सरांनी विचारलं.

"उघड्या शस्त्रक्रियेचे पेशंट, सर. नंतर न्यूमोनिया झाला. औषधं बदललीत." आणि जरा थांबून, "उघड्यात हे होतंच."

सर खाटेवर बसले. चाचांच्या पाठीमागं हात घालून त्यांना बसतं केलं, उशी छातीशी धरायला दिली.

"खोका."

"दुखतंय, साहेब."

"दुखणारच. उशी दाबा, मी पण खोकतो."

म्हातारा डॉक्टर आणि आजारी गवंडी, दोघं मिळून खोकले. चाचांचा कफ सुटला. त्यांना हसू आलं आणि हसताना पुन्हा दुखलं.

"हसवू नका ओ... टाके तुटतील."

सरांनी त्यांचा सदरा वर केला. काखेखालून पाठीकडं गेलेली लांब चीर. टाके स्वच्छ, एकसारखे. शिष्याचा हात ओळखू यावा असे.

सरांचं बोट चिरेवरून पुढं गेलं आणि थांबलं. चिरेच्या बाहेर, पोटाच्या अंगाला, बोटाच्या पेराएवढा एक टाका. जरा वर दुसरा. बगलेत तिसरा.

बोट पहिल्यावर टेकलं. दुसऱ्यावर. तिसऱ्यावर.

सरांनी मान वर करून हृषीकेशकडं बघितलं.

...

"आधी दुर्बीणच घातली होती, सर. जुन्या क्षयानं फुप्फुस आतून चिकटलेलं होतं. सोडवताना रक्त आलं. मग उघडावं लागलं."

"बरोबर केलंस."

"हो ना. उघडलं नसतं तर..."

"चाचा गेले असते. बरोबरच केलंस."

बोट मात्र तिसऱ्या टाक्यावरून हलेना.

चाचांना वाटलं, आपल्या डॉक्टरांची उलटतपासणी चालली आहे. त्यांनी धापा टाकत बाजू घेतली, "साहेब, यांना काय बोलू नका. खिडकीतनं जमंना... म्हणून भिंत पाडली. आमच्यात पण... करावं लागतंय. देवमाणूस हाय."

भिंत पाडली याची हृषीकेशला लाज नव्हती. ती पाडताना हात जराही डळमळला नव्हता. पण चाचांना तापानं घेरलं, तेव्हा किती सहज त्यानं हिशेबात त्यांना दुर्बिणीच्या रांगेतून उचलून उघड्याच्या रांगेत बसवलं होतं! कुणाला फसवायचं म्हणून नव्हे. चीर लांब होती, म्हणून उघड्यातले. इतकं सरळ वाटलं होतं ते... आणि चाचा काही पहिले नव्हते.

सरांनी सदरा खाली ओढला, चाचांच्या खांद्यावर थोपटलं आणि अण्णांच्या खाटेकडं निघाले.

अण्णांनी सर येताना बघितले आणि उठून बसले. "या सर! आता तुम्ही सांगा, मी ऐकतो."

सर खुर्चीवर बसले. खिडकीबाहेर बघत राहिले.

...

"सर?" अण्णा म्हणाले.

सर बाहेरच बघत होते. शेवटी हृषीकेशनंच तोंड उघडलं.

"अण्णा, मघाशी मी एकालाही नाही म्हणालो. ते खरं नाही."

सुमतीबाई वळल्या.

"दुर्बीण घातली तरी काहींना मधेच उघडावं लागतं. त्यांतल्या काहींना न्यूमोनिया होतो. त्या टोकाला दस्तगीरचाचा आहेत, त्यांना झालाय. मी त्यांना माझ्या दुर्बिणीत धरत नव्हतो. उघड्यात ढकलत होतो."

"आणि माझं काय हुईल?"

"बहुतेक दुर्बिणीनंच निभेल. पण तुमचंही आतून चिकटलेलं निघू शकतं. तसं झालं तर उघडीन, आणि मग धोका वाढेल. हाक शेवटच्या पोत्यापर्यंत पोचेल, असं वचन मी देणार नाही... तरीही माझं सांगणं दुर्बीणच."

अण्णा त्याच्याकडं बघत राहिले. बाजारात मूठभर हळद तळव्यावर घेऊन बघतात, तसे.

"आमच्या पेठेत एक गूळवाला होता," ते म्हणाले. "माझी ढेप कधी पाझरत न्हाई म्हणायचा. पावसाळ्यात त्याच्या वखारीत मी गेलो, तर खाली चिखल! म्हटलं, शेठ, हे काय? तर म्हणतोय कसा, ती पाझरलेली माझी न्हवंच, ती शेजाऱ्याची ठेवायला दिलीया."

कुणी हसायच्या आत तेच खदखदून हसले. हसता हसता खोकले.

"डॉक्टर, तुम्ही ढेप आपली म्हटली. बास झालं. सुमती, टॉवेल काढ बाहेर. आणि ते चेंडूचं यंत्र दे इकडं."

"आता तरी जेवणार का?" सुमतीबाई म्हणाल्या. "सकाळपासनं मला उपाशी ठेवलंय, आणि म्हणं आवाज जाईल! गेला तर बरंच हुईल."

सर उठले. अण्णांना हात जोडून नमस्कार केला आणि बाहेर पडले. हृषीकेश त्यांच्या मागोमाग जिन्यापर्यंत आला.

"सर, पुण्यात ते शून्य आता दाखवता येणार नाही."

"नाही."

"चाचांसारखे सगळे धरले, तर आकडा बराच वर जाईल."

"जाऊ दे. तरी माझ्यापेक्षा खालीच राहील."

सरांनी कठड्यावर हात ठेवला. तो थरथरत होता. त्यांनी तो लपवला नाही. दोन पायऱ्या उतरले.

"सर..." हृषीकेशचा आवाज खाली आला. "उद्या अण्णांची छाती आतून चाचांसारखीच निघाली तर?"

सर मागं वळले.

"हात आखडू नकोस. उघड. फक्त हिशेब मांडताना अण्णांना माझ्या दारात आणून सोडू नकोस."