रेवतिकेच्या दारातला हाडवैद्य

फार पूर्वी वेत्रावती नगरीत अरिंदम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका हाडवैद्याच्या कुळात जन्म घेतला होता. त्याचे नाव सुबाहू. त्याच नगरीत रेवतिका नावाची एक विधवा आपली लेक चित्रा आणि थोरली नणंद नंदवती यांच्यासह राहत असे.

एकदा चित्रा जांभळीवरून पडली आणि तिची नडगी मोडली. सुबाहूने हाड जुळवून बांबूच्या कामट्या बांधल्या. रोज सकाळी तो येई, "ये गं माझ्या बाळे," असे मायेने म्हणे आणि लगेच दोऱ्या अशा आवळी, की पोर किंचाळून निपचित पडे. मग हात धुऊन तो निघून जाई. का आवळतो, काही सांगत नसे.

रेवतिका पार गोंधळून गेली. बोलणे आईचे आणि हात खाटकाचे. यातला खरा माणूस कोणता?

नंदवतीचा भाचीवर फार जीव. ती म्हणाली, "गोड कोणीही बोलतं, रेवतिके. माणसाचे हात बघावेत. मी दोऱ्या सैल केल्या, तर पोर कशी झोपली बघ."

पोर खरोखरच शांत झोपली होती. सकाळी वैद्य आला, तेव्हा रेवतिकेने त्याला दारातच अडवले. "आता येऊ नका."

सुबाहू पायरीवर बसून राहिला. दुपारी राजाचा दूत त्याला शोधत तिथेच आला. "महाराजांनी तुम्हाला राजवैद्य नेमलंय. त्यांची स्वारी आजच परगावी निघते. पालखी आणली आहे."

"या घरातलं हाड अजून जुळलेलं नाही," सुबाहू म्हणाला. "महाराजांना माझा नमस्कार सांगा आणि दुसरा वैद्य न्या."

पालखी रिकामीच परत गेली.

दाराआडून रेवतिकेने सगळे ऐकले आणि तिचा गोंधळ आणखीच वाढला. माझ्या लेकीला छळण्यासाठी कोणी राजाची पालखी सोडेल का? पण मग पोर शांत झोपली, ते कसे खोटे म्हणावे? बराच वेळ ती दारापर्यंत येऊन मागे फिरत राहिली. अखेर तिने दार उघडले.

"वैद्यराज, तुमचं बोलणं खरं मानू की करणं? मला काही कळेनासं झालंय. तिला एवढं दुखवता तरी का?"

सुबाहू चमकला. हे त्याला आजवर कोणी विचारले नव्हते, आणि त्यानेही कोणाला सांगितले नव्हते. तो आत आला. रेवतिकेची बोटे त्याने चित्राच्या नडगीवर ठेवली. सैल दोऱ्यांखाली हाड सरकून उंचवटा आला होता.

"हे असंच जुळलं, तर ती जन्मभर लंगडेल. आवळलं तर दुखेल, पण हाड जागेवर राहील. बाई, हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. चुकलो."

नंदवती पोरीच्या उशाशी येऊन बसली. "मी माझ्याच हातांनी..."

"तुम्ही मायेनंच केलंत. आता तिचं डोकं मांडीवर घ्या."

त्याने हाड बसवले आणि शेवटची दोरी रेवतिकेच्या हाती दिली. तिने ती आवळली.

"आई, तू पण मला दुखवतेस?" चित्रा किंचाळली.

रेवतिकेने दोरी सोडली नाही. रडत रडत ती लेकीला समजावीत राहिली. पोरीला त्यातले किती उमगले कोण जाणे. तिने आईचा पदर मात्र घट्ट धरून ठेवला.

पुढे चित्रा चालू लागली. पाऊल किंचित वाकडे पडे, ते तसेच राहिले.

माणूस बोलण्यावरून ओळखावा की करण्यावरून, असा वाद घालत बसलेल्या संघाला ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "तेव्हाची नंदवती ती आजची भिक्षुणी सोणवती. चित्रा ती श्रामणेरी उप्पला. गोंधळलेली रेवतिका ती थेरी भद्रिका. आणि तो हाडवैद्य मीच. दारात थांबून मी त्या जन्मी क्षांती, म्हणजे सहनशीलता, आचरली. पण करुणा तोंडाने समजावूनही सांगावी लागते, हे मला त्या आईने शिकवले."