केरबाची बिनचूक यादी

एका गावात केरबा नावाचा एक भोळा पाणीवाला होता. भोळा म्हणजे किती भोळा? 'जरा थांब' म्हटलं, की कोणी 'चल आता' म्हणेपर्यंत हलायचा नाही. एकदा असाच एस.टी.च्या थांब्यावर दुपारभर उभा होता, आणि त्याला कुठे जायचंही नव्हतं.

वीस वर्षं केरबा हाताने चाक फिरवून गावाला पाणी सोडत आला. मग ग्रामपंचायतीत संगणक आला आणि चाक भंगारात गेलं. आता संगणकाला हुकूम दिला की टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा, हुकूम दिला की मिटायचा. पण संगणक कुणाही सोम्यागोम्याचं ऐकत नसे. त्याच्या पोटात एक फाइल होती. कोणाचं ऐकायचं त्यांची नावं तिच्यात लिहिलेली. सरपंच सुलभाताई, केरबा, आणि तालुक्याहून संगणक बघायला येणाऱ्या हुद्दारबाई. बस्स, एवढीच माणसं.

भैरोबाची जत्रा जवळ आली. टाकी भरायची आठवड्यातून एकदा, ती जत्रेच्या आदल्या दिवशी भरणार होती. सुलभाताईंनी बजावलं, "केरबा, जत्रेच्या सकाळी नळ कोरडे राहिले तर पाव्हण्यांपुढे गावाचं नाक कापलं जाईल." केरबाला त्या दिवसापासून जेवण गोड लागेना. अख्ख्या गावाचं नाक आपल्या हातात, म्हणजे काय चेष्टा आहे?

तेवढ्यात कोरगावकर नावाचे नवे ग्रामसेवक आले. त्यांचं नाव यादीत घालायचं होतं. केरबाने फाइल उघडली, नाव लिहिलं, आणि आपुलकीने पुढे लिहिलं, 'यांना चहा बिनसाखरेचा.' संगणकाला चहाचं काही कळेना. त्याने ती यादीच मानायचं सोडलं आणि सगळ्यांचंच ऐकणं बंद केलं.

हुद्दारबाई स्कूटीवरून आल्या. सगळं सरळ करायला त्यांचा अख्खा दिवस गेला. त्या म्हणाल्या, "केरबा, या फाइलीला हात लावण्याआधी तिची नक्कल करून बाजूला ठेवायची. घोटाळा झाला तर ती कामाला येते. आणि बदल केल्यावर संगणकाकडून तपासून घ्यायचं."

"बरं बाई. ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सुलभाताईंनी त्याला ग्रामपंचायतीची किल्ली दिली. केरबाने लगेच तिची नक्कल करून आणली आणि बाजूला ठेवली. कुठे? कुलपाच्या बाजूला, खिळ्यावर. संध्याकाळी पंचायतीच्या खुर्च्या पारावर, आणि खुर्च्यांवर पत्ते कुटणारी मंडळी.

बाईंनी फोनवर कपाळाला हात लावला. "अहो, किल्ली अशी टांगून ठेवतात का? ज्याचं जेवढं काम, त्याला तेवढीच मोकळीक द्यायची. जास्त नाही."

"बरं बाई. असं आधी सांगायचं."

त्याच दिवशी केरबाचा मेहुणा आला. केरबाने दारातच विचारलं, "काय काम काढलंत?"

"काम कसलं? ताईला भेटायला आलोय."

केरबाने यमुनेला, म्हणजे बायकोला, बाहेर बोलावलं. भावाबहिणीची भेट घडवली आणि दार लावायला लागला.

"दाजी, घोटभर पाणी तरी," मेहुणा म्हणाला.

"पाण्याचं तुम्ही बोलला नव्हता."

यमुनेने केरबाला अंगणात उभं करून असं काही झापलं की शेजारच्या म्हशी दावं ताणून बघायला लागल्या. मग तिने थेट हुद्दारबाईंना फोन लावला. बाई केरबाला म्हणाल्या, "चुकलंच माझं, तुम्हाला शिकवायला घेतलं. आता एवढंच करा. काहीही असो, आधी एकदा करून बघायचं. नीट चालतंय असं दिसल्यावरच जागेवरून उठायचं."

"बरं बाई."

देवळात जत्रेसाठी लाऊडस्पीकर बसवला होता. जत्रेच्या सकाळी केरबाला त्यावरून पुकारा करायचा होता. आधी करून बघायला नको का? तो माइकपाशी बसला आणि म्हणाला, "नळाला पाणी आलंय हो, पाणी आलंय." घराघरांतून हंडे निघाले, कळश्या निघाल्या. एक बाई तर पिठाने माखलेल्या हातांनी धावत आली. नळांतून नुसती हवा. केरबाने माइकवरूनच सगळ्यांना सांगितलं, "झकास चालतंय." मग तो जागेवरून उठला, आणि उठला ते बरंच झालं, कारण बायका देवळाच्या पायऱ्या चढत होत्या.

आता मात्र हुद्दारबाईंचा धीर सुटला. फोनवर त्या एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "केरबा, मागचं सगळं विसरा. जो माणूस चुका करतो, त्याचं नाव त्या यादीत राहता कामा नये. कळलं?"

बाईंना वाटलं, आता हा बाबा आपलं नाव काढेल आणि गाव सुटेल. केरबालाही ते पटलं. त्याचा स्वभावच तसा, कोणी सांगितलं की पटायचं.

जत्रेचा आदला दिवस उजाडला. दुपारपर्यंत टाकी काठोकाठ भरली. केरबाने व्हॉल्व्ह उघडून बघितला, धो धो पाणी आलं. चालत होतं. मग त्याने यादी समोर घेतली आणि सगळ्यात आधी स्वतःचं नाव खोडलं. वीस वर्षांचं काम होतं, वाईट वाटलं. पण गावासाठी करायचं म्हणून केलं.

मग त्याने पुढची नावं वाचली, आणि थोड्या वेळाने बाईंना फोन लावला.

"बाई, झालं बघा. माझं नाव काढलं."

"शाब्बास, केरबा."

"कोरगावकर साहेबांचंही काढलं. ते रोज चष्मा विसरतात. सुलभाताईंनी उद्घाटनात फितीबरोबर पदर कापला होता, त्यांचंही काढलं. आणि बाई, परवा तुम्ही स्वतःच म्हणालात, चुकलंच माझं."

बाईंनी हळूच विचारलं, "यादीत आता कोण आहे?"

"कोणी नाही. संगणकाने तपासली, म्हणाला फाइलीत एकही चूक नाही."

"नक्कल ठेवलीत ना?"

"तिच्यातही आपलीच नावं होती. तीही साफ केली."

"केरबा, हा पाण्याचा आवाज कसला?"

"व्हॉल्व्ह उघडाय ना. गल्लीगल्लीतून चाललंय. दोन तासांत टाकी रिकामी होईल."

"अहो, मग तो बंद कोण करणार?"

"कोणीच नाही, बाई," केरबा समाधानाने म्हणाला. "आता चूक करायला मी माणूसच शिल्लक ठेवला नाही."