केरबा भोयावरचा आळ

कृष्णाकाठच्या आंबेघाटला तरवडमहाराज आले आणि घाटावरच्या तरवडाच्या झुडपाशी बसले ते कायमचेच. छपराखाली चला म्हणून गावाने हजारदा विनवलं. महाराज म्हणत, "माय समोर वाहतेय, तिच्याकडे पाठ करून कुठं आत बसू?" अशा महाराजांपाशी रोज पहाटे पाण्याची घागर आणून ठेवी ती राहीबाई भोईण. तिच्या हातचं पाणी घेणारं गावात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

का, ते ऐका. माघातल्या उत्सवाला आंबेघाटला दोन होड्या एकीला एक बांधतात, वर फळ्या टाकतात, उसाची कमान उभारतात, आणि कृष्णामाईची पालखी पैलतीरी तिच्या थोरल्या बहिणीच्या देवळात ओटी भरायला नेतात. ती जोडहोडी चालवायचा मान राहीबाईच्या नवऱ्याचा, केरबाचा. आदल्या साली भर डोहात पालखी कलली, देवीचा चांदीचा मुखवटा पाण्यात गेला आणि केरबाने मागोमाग उडी टाकली. ना मुखवटा वर आला, ना केरबा. आठ दिवस जाळी टाकली, हाताला गाळच लागला.

मुखवटा घडवला होता इनामदारांच्या अक्कासाहेबांनी, स्वतःचे तोडे आटवून. त्यांनी भर घाटावर सांगून टाकलं, "भोई कधी बुडतो होय? पाण्याखालून गेला आणि पलीकडून पळाला, माझी चांदी घेऊन!" मोठ्या घरचं बोलणं, गावाला पटायला काय वेळ लागतो!

मग राहीबाईने कुंकू लावलं तर बाया म्हणत, "लाव बाई लाव, खुशाल आहे तुझा चोर." न लावावं तर म्हणत, "बघा हिचं सोंग!" प्रेत नाही म्हणून दहावं नाही, पिंड नाही. धड सवाष्ण नाही, धड रांडमुंड नाही. वर्ष तिने कसं काढलं ते तिचं तिला ठाऊक.

उत्सवाच्या सकाळी तिने महाराजांचे पाय धरले. "म्हाराज, त्येंच्यावरचा एवढा आळ धुवा. दुसरं काय मागत न्हाई."

महाराज म्हणाले, "आळ जाईल, बाई. पण मग त्याची वाट बघायची नाही. चालेल?"

राहीबाईने कुणाला सांगितलं नव्हतं, पण दाराची कडी हलली की ती अजून उठून बसे. चोर तर चोर, कुठंतरी भाकरी खात असेल, एवढ्यावर तिचे दिवस निघत होते. पदर तोंडात कोंबून ती तशीच बसून राहिली. शेवटी म्हणाली, "त्येंना चोर म्हणत्यात, ते आता ऐकवत न्हाई. चालंल."

वाजतगाजत जोडहोडी निघाली. डोहावर आली आणि थांबली. सहा भोई घामाघूम झाले, वल्ही वाकली, पण होडी जागची हलेना. पालखीशेजारी ओटीचं ताट घेऊन बसलेल्या अक्कासाहेब घाटाकडे बघून कडाडल्या, "त्या अवदसेला उभी कुणी राहू दिली तिथं? तिचीच नजर लागली!"

महाराज उठले. राहीबाईला लहान होडीत बसवलं आणि स्वतः वल्हं मारत डोहात आले.

"महाराज, हिला कशाला आणलीत? चोराची बायको ती!"

"अक्कासाहेब," महाराज म्हणाले, "ज्याने मायसाठी जीव दिला, त्याला ओलांडून ती पलीकडे कशी जाईल?" मग भोयांकडे वळले. "उतरा रे खाली. तळच्या कपारीत हात घाला."

दोघे बुडी मारून गेले. वर आले ते रडतच. जोडहोडीच्या फळ्यांवर त्यांनी आणून ठेवला तो हाडांचा सापळा होता, त्याच्या कमरेला शेला होता, आणि शेल्यात गाठ मारून बांधलेला मुखवटा! आषाढाचे लोंढे वरून गेले, झाडं उन्मळून वाहून गेली, पण गाठ सुटली नव्हती.

मुखवट्याकडे राहीबाईने बघितलंसुद्धा नाही. गाठ चाचपली. केरबा डावखुरा होता, त्याच्या हातची गाठ ती अंधारातही ओळखती.

"पळून का न्हाई गेलासा वो, धनी?" ती म्हणाली. "पळाला असतासा तर बरं झालं असतं."

सहाही भोयांनी वल्ही खाली ठेवली. तशी जोडहोडी आपणहून हलली. पैलतीरी गेली नाही, घाटाकडे वळली. केरबाला घरी पोचवायला माय माघारी फिरली!

अक्कासाहेब घाटावर उतरल्या त्या चिखलातच गुडघ्यांवर बसल्या आणि उभ्या गावासमोर त्यांनी राहीबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. "पोरी, माझी जीभ झडो. काय देऊ तुला? माग."

राहीबाईने एकदा महाराजांकडे बघितलं. महाराजांचे डोळे भरले होते.

"मागू काय, अक्कासाहेब? भोयाच्या घरी मयत झालं की आळीच्या बाया येऊन रडायला बसत्यात. माझ्या दारात वरीसभर कुणी आलं न्हाई."

अक्कासाहेब डोईवरचा पदर पुढं ओढून तिच्याशेजारी चिखलात बसल्या आणि तिच्या गळ्यात पडून, भोयाच्या बाईगत, मोठ्याने रडल्या.